साडेचार

फॉर्मवर सहावा प्रश्न आहे :
मूल किती शब्द बोलतं?
पुढे कोरी चौकट, एवढीशी,
जणू त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं.

एलिसेओ अडीच वर्षांचा होईल बटाटे काढायच्या सुमाराला.
मी लिहिलं, चार.
मा : म्हणजे मी, आणि दूध, आणि दार उघड.
नो.
आवा, म्हणजे पाणी.
चौथा ताऊ. तो कशाला म्हणतो ते अजून कळलेलं नाही,
पण रोज म्हणतो, खिडकीपाशी, एकाच जागी उभा राहून,
आणि माझी आई शपथेवर सांगते की तो शब्दच आहे.

शेजारच्या ओरियानाची मुलगी दीड वर्षाची.
ती "फुलपाखरू" म्हणते.
एवढा लांब शब्द
काय करायचाय तिला?

मी सॅल्मनच्या कारखान्यात चिमट्यानं काटे काढते.
बोटांनी चाचपायचं, सापडला की ओढायचा,
मिनिटाला किती, ते भिंतीवर लिहिलेलं असतं.
घरी येऊन त्याचा आ करून आत बघते :
जीभ आहे, टाळू आहे, वीस दात.
काहीच अडकलेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, त्याचा बापही चार वर्षांपर्यंत मुका होता.
मग?
मग काय. अजून तरी कुठे फार बोलतो!
खरं आहे. एर्विन बोटीवरून फोन करतो
तेव्हा दोन्ही टोकांना समुद्रच ऐकू येतो.
मग त्यांनी देवळातल्या घंटेत भरून पाणी आणलं,
यानं वाचा फुटते म्हणाल्या.
एलिसेओनं ते गटागटा प्यायलं
आणि म्हणाला, "आवा."
सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला.
हा शब्द जुनाच आहे, हे मी सांगितलं नाही.

कास्त्रोला नेऊन कान तपासले.
काचेच्या खोलीत मोठे हेडफोन लावून तो बसला होता,
वैमानिकासारखा, गंभीर.
कान ठणठणीत आहेत.
मला आनंद व्हायला हवा होता. झालाही,
बसथांब्यापर्यंत.

कारण मग उरते मी.
रात्रपाळीनंतर झोप यावी म्हणून त्याच्या हातात दिलेला मोबाइल.
आठव्या महिन्यात तो पलंगावरून पडला,
ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता सांगते.

हिमेना वाचा-उपचार करते. मुलगीच आहे अजून,
नखांत हिरवी माती, खेळण्यातली.
ती म्हणाली, हे काय, ते काय, असं विचारू नका त्याला.
परीक्षा वाटते. तुम्ही नाव घ्या. मग थांबा.
मनात दहा मोजा.

दहा फार असतात.
मी आजवर तीनलाच बोलून टाकत आले,
त्याच्या वाटणीचंसुद्धा.
चारला किटली वाजते. पाचला कुणाचं तरी कुत्रं.
सहाला खांबांवरच्या या घराखाली
पाणी आत शिरताना ऐकू येतं. नऊ वर्षं राहतेय इथे,
हा आवाज मला नवा.

मंगळवारी पाळीवरून आले.
त्यानं माझा हात धरला, हुंगला, नाक मुरडलं.
"पेस," मी म्हटलं. मासा.
आणि थांबले.
सातला त्यानं ओठ मिटले, गाल फुगवले :
प्फ.

शब्द नव्हे. नुसती हवा.
पण ओठ बरोबर जागी होते.
मी फॉर्म काढला
आणि चारच्या आधी, पेन्सिलीनं, साडे लिहिलं.

आता तो पुन्हा खिडकीपाशी गेलाय.
ताऊ.
मी गुडघे टेकून त्याच्या उंचीवर येते.
इथून दिसतं ते असं : ओहोटीचा चिखल,
पालथी होडी, एक दोरखंड,
त्या दोरखंडावर काहीतरी, बहुधा पक्षी, बहुधा चिंधी.

मी विचारत नाही.
एक.
दोन.